दुखणारा पाय आणि न दुखणारा पाय

टाच दुखते म्हणून गेलात तर पायांची जाण असलेला डॉक्टर आधी एकच विचारतो: कधी दुखते? सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली चार-सहा पावलं टाकवत नाहीत आणि घरात दोन फेऱ्या झाल्या की बरं वाटतं, हे एक दुखणं. बडोद्यात मांडवीपासून न्यायमंदिरापर्यंत चालताना मध्येच पोटरी भरून येते, एखाद्या दुकानाच्या पायरीवर दोन मिनिटं टेकलं की पुन्हा चालता येतं, हे दुसरं. त्यात बहुधा पोटरीचा दोष नसतो, तिथवर रक्त पोचवणारी धमनी अरुंद झालेली असते, आणि तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांत ते जास्त दिसतं. रात्री झोपेत अंगठ्याचा सांधा एकाएकी लाल होऊन सुजतो, चादरीचा स्पर्शही नको होतो, ते बहुतेक वेळा गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचे बारीक खडे सांध्यात जमणं. आणि चौथा प्रकार असा की काहीच दुखत नाही. चारांत सगळ्यात वाईट तोच. त्याच्यावर पुढे बरंच लिहिणार आहे.

आधी दुखणाऱ्यांचं बघू, कारण बडोद्यात त्यांचा ठरलेला हंगाम असतो. नवरात्रात इथल्या मोठाल्या मैदानांवर हजारो माणसं अनवाणी गरबा खेळतात. देवीसाठी म्हणून अनवाणी, आणि मातीवर पाय चांगला फिरतो म्हणूनही. वर्षभर खुर्चीवर बसून काम करणारे नऊ रात्री तासन्‌तास चवड्यांवर गिरक्या घेतात. दसऱ्यानंतर टाच नाहीतर घोटा धरून बसलेलं कुणी ना कुणी प्रत्येक सोसायटीत सापडतं. दांडिया बाजारातली आमची मराठी घरंही त्याला अपवाद नाहीत. मंगळागौरीला जागरण झेपत नाही म्हणणाऱ्या वहिनी गरब्यात मात्र शेवटच्या आरतीपर्यंत असतात.

या हंगामातलं सगळ्यात जास्त दिसणारं दुखणं म्हणजे तळव्याच्या पट्ट्याचा दाह, डॉक्टरी नाव प्लांटर फॅसियायटिस. एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. तळव्याखालून टाचेपासून बोटांपर्यंत एक चिवट पट्टा जातो. पायाची कमान धनुष्य मानली तर हा पट्टा तिची दोरी. टाचेला तो जिथे चिकटतो तिथे ताण पडून पडून बारीक इजा होत राहते. रात्रभर पाऊल सैल पडलेलं असतं, पट्टा आखडतो, आणि सकाळी पहिल्याच पावलाला सगळा भार त्याच्यावर येतो. म्हणून सकाळी कळ येते.

एक्स-रे काढला की बऱ्याचदा टाचेखाली हाडाचं टोक पुढे आलेलं दिसतं, आणि मग घरी ‘टाचेचं हाड वाढलंय’ असं जाहीर होतं. ते टोक कधीही न दुखलेल्या कितीतरी टाचांतही सापडतं. हाड तसंच राहतं आणि दुखणं जातं, असंही सर्रास होतं. त्यामुळे हाड कापायचं का, ही चिंता सोडून द्यावी.

उपाय कंटाळवाणे आहेत, पण लागू पडतात. पलंगावरून पाय खाली ठेवण्याआधीच मांडी घालून पायाची बोटं हाताने आपल्याकडे ओढून धरायची, तळव्याला ताण जाणवेपर्यंत. दिवसातून दोन-तीनदा भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीला, पोटरी ताणायची, अर्धा मिनिट धरायची. वजन जास्त असेल तर कमी करायचं. आणि घरात चप्पल. इथे आपल्याकडे अडतं. कोटा किंवा संगमरवरी फरशीवर दिवसभर अनवाणी उभं राहून स्वयंपाक करणाऱ्या बाईला घरात चप्पल घाला म्हटलं की सासूबाई आधी देवघराकडे बघतात. घरातली वेगळी, बाहेरच्या रस्त्यावर कधीही न गेलेली जोडी ठेवली की हा वाद मिटतो असा माझा अनुभव आहे. शस्त्रक्रियेविना बहुतेकांची टाच बरी होते, मात्र सहा महिने, कधी वर्षही लागतं. लोक तिसऱ्या आठवड्यात वैतागतात आणि इंजेक्शन मागतात. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही काळ आराम पडतो, पण पुन्हा पुन्हा घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी झिजू शकते, क्वचित पट्टाच तुटतो. महागड्या, मापाने बनवलेल्या इनसोलपेक्षा दुकानातली तयार बऱ्यापैकी कडक इनसोल या दुखण्यात फारशी कमी पडत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण मापाच्या जोडीची किंमत ऐकून पुष्कळजण उपचारच सोडतात.

भोवरी आणि घट्टे यांचं गणित सोपं आहे. एकाच जागी दाब आणि घासणं होत राहिलं की त्वचा स्वतःला वाचवायला जाड होते. पसरट जाडी म्हणजे घट्टा. दाब एका बिंदूवर आला की मध्ये टणक गाभा तयार होतो आणि तो आत टोचतो, ती भोवरी, म्हणजेच कुरूप. भोवरीला मूळ असतं आणि ते उपटलं की ती जाते, ही समजूत पक्की आहे. मूळबीळ काही नसतं. पोडियाट्रिस्ट, म्हणजे पायांचा तज्ज्ञ, शल्यक्रियेच्या पातळ पात्याने ती जाड त्वचा एकेक पापुद्रा करत उतरवतो आणि शेवटी मधला गाभा काढतो. जिवंत त्वचेला धक्का लागत नाही, म्हणून रक्त येत नाही आणि भूलही लागत नाही. माणूस उठून पाऊल टाकतो तेव्हा चेहऱ्यावर आश्चर्य असतं. पण बूट तेच राहिले, बोट तसंच वाकडं राहिलं, तर काही आठवड्यांत भोवरी परत हजर. खरा उपचार दाब हलवण्याचा आहे: पुढून रुंद बूट, बोटांमध्ये सिलिकॉनची पाचर, तळव्याखाली योग्य जागी गादी.

भोवरी समजून कधी कधी चामखीळ कापली जाते. ओळखायची खूण साधी आहे. बोटाने सरळ दाबल्यावर दुखते ती भोवरी; दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखते, वरची त्वचा खरवडल्यावर काळे ठिपके दिसतात आणि त्वचेवरच्या रेघा तिथे तुटतात, ती चामखीळ. ती विषाणूची असते, घरातल्या दुसऱ्यालाही होऊ शकते.

मेडिकलच्या दुकानात मिळणारी कॉर्न कॅप म्हणजे सॅलिसिलिक ॲसिडची पट्टी. ती भोवरी आणि आजूबाजूची धड त्वचा यांत फरक करत नाही. निरोगी पायाला तिने थोडी आग होऊन भागतं. मधुमेह असलेल्याने ती लावू नये, आणि दाढीचं ब्लेड तर कुणीच हातात घेऊ नये.

नखांबद्दल दोनच गोष्टी. एक, अंगठ्याचं नख कोपऱ्यांत गोल कापत गेलात की राहिलेली कड मांसात घुसते आणि नखुरडं होतं. सरळ कापा, कोपरे थोडे बाहेर ठेवा. पुन्हा पुन्हा पिकत असेल तर बोट बधिर करून नखाची फक्त ती कड काढतात आणि तिच्या मुळाशी फिनॉल लावतात, म्हणजे तेवढी पट्टी परत उगवत नाही. पूर्ण नख उपटण्याची गरज सहसा पडत नाही. दोन, पिवळं जाड नख दिसलं की ती बुरशीच, असं धरून तीन महिने गोळ्या सुरू करू नका. निम्मी बिघडलेली नखं बुरशीची नसतात. आधी नखाचा चुरा तपासायला द्यावा. बुरशी निघालीच तर गोळ्या संपल्यावरही नख स्वच्छ दिसायला वर्ष-दीड वर्ष जातं, कारण पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं.

पावसाळ्यात करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्या ही त्याच बुरशीची करामत. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या करणं आणि बुरशीचं साधं मलम पुरेशा दिवसांसाठी लावणं, एवढंच असतं. पण आपल्या देशात एक वेगळंच संकट उभं राहिलंय: दुकानदार चिठ्ठीशिवाय जी मिश्र मलमं देतात त्यांत जोरदार स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, गिऱ्हाईक खूश, आणि बुरशी मात्र आत पसरत राहते. त्वचारोगतज्ज्ञ गेली कित्येक वर्षं याबद्दल ओरडताहेत. ट्यूबवर ‘क्लोबेटासॉल’ किंवा ‘बीटामेथासोन’ छापलेलं दिसलं तर ती परत ठेवा. टाचांच्या भेगांना मात्र घरगुती उपाय चालतो. अंघोळीत वज्रीने हलकं घासायचं, मग ओलसर त्वचेवर कोकमतेल किंवा युरिया असलेलं मलम. खोल, रक्त येणाऱ्या भेगा असतील तर वज्री नको.

लहान मुलांच्या सपाट तळव्यांची आईबापांना फार धास्ती असते. पाच-सहा वर्षांपर्यंत कमान तयार होतच असते. मूल चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल आणि पाय दुखत नसतील तर काहीही करायचं नसतं, खास बूटही नाहीत.

आता न दुखणारा पाय.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, प्रौढांमध्ये ११.४ टक्के. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की नसा बिघडतात, आणि आधी बिघडतात त्या सगळ्यात लांब नसांची टोकं. सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात. सुरुवातीला मुंग्या येतात, तळवे जळतात, रात्री पाय पांघरुणाबाहेर काढावेसे वाटतात. उष्णता वाढली म्हणून सब्जा भिजवला जातो, तळव्यांना काशाची वाटी घासली जाते. मग काही महिन्यांनी जळजळ कमी होते आणि माणसाला वाटतं, लागू पडलं. कधी साखर ताब्यात आल्याने खरंच आराम पडलेला असतो. कधी नस पुरती बधिर झालेली असते, आणि हे दोन्ही आतून सारखेच वाटतात.

आमच्या शेजारच्या काकांची एक हवाई चप्पल खंडेराव मार्केटात भाजी घेता घेता पायातून निसटली. ते दुसऱ्या चपलेवर घरापर्यंत आले. काकूंनी दारात विचारलं, ‘अहो, एक चप्पल कुठंय?’ तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. हवाई चप्पल अंगठा आणि शेजारच्या बोटाने सतत पकडून ठेवावी लागते, हे आपल्या ध्यानातही येत नाही, कारण पाय ते आपसूक करतो. बधिर पाय करत नाही. घरात त्यावर भरपूर हसणं झालं, मग पुढच्या आठवड्यात काकांना तपासायला नेलं आणि मी सोबत गेलो.

तपासणी बघण्यासारखी असते. आधी डॉक्टर हातात काहीच घेत नाहीत, नुसतं बघतात: बेचक्या, नखं, घट्टे, बोटं आखडून वर आली आहेत का. मग हाताच्या पाठीने दोन्ही पावलांची ऊब ताडून पाहतात. पावलाच्या वर आणि आतल्या घोट्याच्या मागे, अशा दोन ठिकाणी नाडी चाचपतात. नंतर येतो नायलॉनचा एक ताठ धागा, मोनोफिलामेंट. तो त्वचेवर टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर १० ग्रॅम जोर पडतो. पेशंटने डोळे मिटायचे आणि धागा लागला की ‘हो’ म्हणायचं. काका फार तत्पर निघाले. डॉक्टरांनी धागा न टेकवताच विचारलं, ‘लागतंय का?’ आणि काका म्हणाले, ‘हो.’ असे फसवे प्रश्न मुद्दाम विचारावे लागतात, कारण बरोबर उत्तर देण्याची शाळेतली सवय कुणाचीच सुटत नाही. शेवटी १२८ हर्ट्झचा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर. उजव्या अंगठ्यावर काकांना थरथर जाणवली नाही. नाडी नीट लागली नाही तर घोटा आणि दंड या दोन्ही ठिकाणचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात, ते ०.९ च्या खाली आलं तर पायाचा रक्तपुरवठा अपुरा आहे असं धरतात.

बधिरपणा हाच खरा शत्रू आहे, हे मधुमेहाच्या आधी कुष्ठरोगाने शिकवलं. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांच्या काळात सर्वसाधारण समज असा होता की कुष्ठरोगात मांस आपोआप झडतं. ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं झडतात ती इजांमुळे: चटके, काचणारे जोडे, त्याच जखमेवर चालत राहणं, आणि यातलं काहीच रोग्याला जाणवत नाही म्हणून. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी हेच मधुमेहाच्या पायांना लावून पाहिलं. आपल्याकडे कुष्ठरुग्णांसाठी ज्या मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला बनत, त्याच आज ‘एमसीआर चप्पल’ म्हणून मधुमेहींना दिल्या जातात. काकांना त्याच मिळाल्या, मागे पट्टा असलेल्या. आठवडाभर त्यांनी त्या ‘बायकी’ म्हणून घातल्या नाहीत, हा भाग वेगळा.

बधिर पायावर जखम झाली की पोडियाट्रिस्टचं काम सुरू होतं ते घट्ट्यापासून. जखमेभोवती जमलेली जाड त्वचा आणि मेलेला भाग कापून काढतात, जखम किती खोल आहे ते सळईने बघतात; सळई हाडाला लागली तर हाडातही संसर्ग असण्याची शक्यता मोठी. रक्तपुरवठा पाहतात, गरज असेल तर प्रतिजैविकं देतात. पण मलमपट्टी कितीही भारी असली तरी माणूस जखमेवर पाय टेकत राहिला तर ती भरत नाही. दुखत असतं तर तो आपोआप लंगडला असता. दुखत नाही म्हणून ते लंगडणं बाहेरून आणावं लागतं: गुडघ्याखालून पूर्ण पायाला घट्ट बसणारं प्लास्टर किंवा तसाच बूट, ज्याने दाब जखमेवरून हटून पूर्ण पायावर वाटला जातो. चालत्या-फिरत्या माणसाला एवढ्याशा भोकासाठी प्लास्टर घाला म्हटलं की तो नाराज होतो, आणि निम्मे उपचार इथेच फसतात.

एक आजार मुद्दाम सांगतो, कारण तो भल्याभल्यांना चकवतो. मधुमेहाच्या माणसाचं एक पाऊल एकदम सुजतं, लालसर आणि गरम होतं, फारसं दुखत नाही, जखम नाही, ताप नाही. मुरगळलं असेल म्हणून क्रेप बँडेज बांधलं जातं. हा शार्को फूट असू शकतो. आतली हाडं आणि सांधे मोडत असतात आणि माणूस त्यावर चालतो आहे. एक्स-रे सुरुवातीला साफ येऊ शकतो. दोन पावलांच्या तापमानातला फरक दोन अंश सेल्सिअसहून जास्त असेल तर संशय धरून पाय ताबडतोब प्लास्टरमध्ये घालतात. उशीर झाला तर तळव्याची कमान उलटी होऊन पाऊल कायमचं बिघडतं.

बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर असतो. दुपारच्या दर्शनाला देवळाच्या दगडी आवारात अनवाणी फिरून आल्यावर तळव्यांना फोड आलेले असतात आणि ते संध्याकाळी मोजे काढताना दिसतात. बधिर पायाला चटका कळत नाही. सकाळी लवकर जावं, किंवा जाड मोजे घालावेत, देव काही रागावत नाही. डाकोरला पायी जाणाऱ्यांनी आणि पावागडच्या पायऱ्या चढणाऱ्यांनीही, मधुमेह असेल तर, नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत. गरबा खेळायचा असेल तर तळव्याला जाड मोजे किंवा कापडी बूट, आणि घरी आल्यावर दिव्याखाली दोन्ही तळवे बघणं. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. गरम पाण्यात पाय बुडवून शेकण्याची आपली आवडती सवय बधिर पायाला वर्ज्य. अंघोळीचं पाणीही कोपराने बघून घ्यावं.

कुणाकडे जायचं, हा प्रश्न उरतो. इंग्लंड-अमेरिकेत पोडियाट्री ही स्वतंत्र पदवी आहे. आपल्याकडे हे काम बहुधा शल्यविशारद, अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मधुमेहतज्ज्ञ पायांचं खास प्रशिक्षण घेऊन करतात, आणि जोडे-इनसोल बनवणारे ऑर्थोटिस्ट त्यांच्या जोडीला असतात. सयाजी रुग्णालयासारख्या मोठ्या सरकारी ठिकाणी शल्य, अस्थिरोग आणि त्वचा हे तिन्ही विभाग एकाच आवारात सापडतात. मधुमेह असून पायात संवेदना आणि नाडी दोन्ही ठीक असतील तर वर्षातून एकदा तपासणी पुरते. बधिरपणा सुरू झाला असेल तर सहा महिने ते वर्षाने. आधी जखम होऊन गेली असेल तर एक ते तीन महिन्यांनी. बोट काळं पडलं, जखमेला वास आला, लाली वर चढू लागली किंवा ताप भरला तर त्याच दिवशी, रविवार असला तरी.

जाताना नवी कोरी चप्पल घालून जाऊ नका. रोजची, झिजलेली जोडी पिशवीत घ्या. तळ कोणत्या कडेला झिजलाय यावरून पाऊल कसं पडतं ते कळतं. शेवटचा एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा) रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेवा. बायकांनी नेलपॉलिश काढून जावं, नखाचा रंग बघायचा असतो. आणि तक्रार एका पायाची असली तरी मोजे दोन्ही काढा.